पीएचडीचा टॉपिक : आधी बसचं टाइमटेबल बघा

पीएचडीचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दाखवायला पोरं घरी येतात. शीर्षक ठरलेलं : 'बेळगाव जिल्ह्यातील जलप्रदूषण : एक अभ्यास'. मी विचारतो, जिल्ह्याच्या पार टोकाला अथणीला पाण्याचा नमुना घेऊन लॅबला कधी पोचणार? उत्तर नाही. सकाळी निघून संध्याकाळच्या आत बाटल्या लॅबला येतील, एवढाच परिसर घ्या.

मलप्रभा नदी घ्या. कणकुंबीला उगम, मग खानापूर. 'खानापूर ओलांडल्यावर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन किती उतरतो?' असं विचारलं की काय मोजायचं ते आपोआप ठरतं. गावाच्या वर एक जागा, खाली दोन, सुरुवातीला पुरे.

300 मिलीची बीओडी बाटली (पाण्यातला ऑक्सिजन मोजायला वापरतात ती काचेची बाटली) पाण्याखालीच भरा आणि बूच बसवा. आत बुडबुडा राहिला तर नदीबरोबर हवाही मोजली जाते. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड ही दोन रसायनं काठावरच बाटलीत घाला, लॅबमध्ये नेऊन नव्हे. तपकिरी साका बसला म्हणजे ऑक्सिजन बांधला गेला. पांढराच राहिला तर पाण्यात तो नाहीच. पुढे लॅबमध्ये आम्ल घालायचं, थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं (म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून किती लागलं ते मोजायचं), रंग फिका पिवळा झाला की स्टार्च टाकायचा आणि निळा रंग जाताच थांबायचं.

वेळ मात्र सांभाळा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, पहाटे तो सगळ्यात कमी असतो. एक नमुना सकाळी आठचा, दुसरा दुपारी दोनचा, मग फरक गावाच्या सांडपाण्याचा की उन्हाचा? म्हणून सगळ्या जागांचे नमुने एकाच वेळी घ्यायला सोबतीला माणूस लागतोच. मित्राला चहा-भजी कबूल करा. पावसाळ्यातले आकडे उन्हाळ्याच्या आकड्यांत मिसळू नका. खानापूरचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

शिक्षणशास्त्रवाल्यांचं गणित वेगळं. समजा तालुक्यातल्या मराठी शाळांत प्रयोग करून शिकवल्याने विज्ञान जास्त कळतं का, हे बघायचंय. मग एका वर्गाला प्रयोगाने शिकवा, दुसऱ्याला नेहमीसारखं, आणि पूर्वचाचणी दोघांचीही घ्या. नाहीतर आधीच हुशार असलेला वर्ग तुमच्या पद्धतीचं नाव काढेल. चाचणी आधी तिसऱ्याच शाळेत देऊन बघा. सगळ्यांना आलेला आणि कुणालाच न आलेला, दोन्ही प्रश्न काढून टाका. परवानगीसाठी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला अर्ज कन्नडमध्ये द्या. येत नसेल तर शेजाऱ्याकडून लिहून घ्या, त्यात कसली लाज? आणि आपल्याकडे कर्नाटकात सत्राच्या मधली मोठी सुट्टी दसऱ्याला असते. कोल्हापूरच्या मित्राचं वेळापत्रक उतरवू नका.

नियमांचं थोडक्यात : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान 3 वर्षं, साधारण 6 पर्यंत मुदत. दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य 10 टक्क्यांच्या आत हवं. टॉपिक पक्का करण्याआधी शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) बेळगावच्या राणी चन्नम्मा आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे जुने प्रबंध चाळा.

टॉपिक लहान म्हणून गाईड नाक मुरडतील. तेव्हा महिन्याभराचे आकडे पुढे ठेवा. ते वहीत पेनाने लिहिलेले असावेत, आणि चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.