घरोघरी जाणाऱ्या सिस्टरांची टीम कशी सांभाळायची

वॉर्डात इन्चार्जनं मान वर केली की सगळं दिसते. इथं सिस्टर एका गावात, तुम्ही दुसऱ्या गावात, मधात तीस किलोमीटर अन् एक एसटी, तीही आली तर आली. मी यवतमाळकडे सात सिस्टरांचं काम पाहते, कोणी नवीन हे काम अंगावर घेत असेल तर माझा अनुभव सांगते.

पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत जा. घरच्यांना समोर बसवून सांगा की लकव्याच्या आजोबांची दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवणं, नळीतून पातळ देताना डोक्याकडून उंच करणं हे सिस्टरचं काम, भांडे-धुणं तिचं नाही, अन् ती गेल्यावर रात्री कूस कोण बदलणार तेही तिथंच ठरवा. हे नाही बोललं तर पंधरा दिवसांत तिच्या हातात झाडू येते, ती भिडेपोटी बोलत नाही अन् एक दिवस कामच सोडते. माझी एक फार चांगली सिस्टर अशीच गेली, मला कारण महिनाभरानं दुसरीकडून कळलं, अजूनही वाईट वाटते.

संध्याकाळी रोज फोन करा, पण "सगळं ठीक?" विचारलं तर "ठीक"च येते. नेमकं विचारा, आज पाठ पाहिली का, माकडहाडापाशी लाल आहे का, बोटानं दाबल्यावर लाली जाते का? जात नसेल तर जखम सुरू झाली समजा अन् उद्या सकाळी तुम्ही गाडी काढा. फोटो मागवला तर घरच्यांना विचारून, चेहरा न घेता, अन् ग्रुपवर नाही, फक्त तुमच्याकडं.

मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते, तेव्हा व्हिजिटा सकाळी अकराच्या आत नाहीतर पाचनंतर लावा. इन्सुलिन स्कुटीच्या डिक्कीत कधीच नाही. लाईन गेली तर प्लास्टिकमधी गुंडाळून, ओल्या रेतीत बसवलेल्या मडक्यात ठेवायला शिकवा.

वापरलेल्या सुईला टोपण लावू देऊ नका, जाड प्लास्टिकचा डबा द्या. सुई टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवायचं, पिळून रक्त काढायचं नाही, अन् लगेच सरकारी दवाखाना, कारण एचआयव्ही टाळायचं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागते, जितकं लवकर तितकं बरं. अशा वेळी तिच्यावर ओरडू नका बाप्पा, पुढच्या वेळी ती लपवेल!

अन् त्या घरात कोणी वाईट वागलं तर? कामाच्या जागी बायांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यात ती काम करते ते घरही कामाची जागाच आहे, तुमच्या संस्थेत दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. पण हे नंतरचं. तिला आधीच सांगून ठेवा, पहिले बाहेर निघ, मग मला फोन कर, पेशंटचं मी पाहते.