वेग देताना येणारी घूं : गिअरबॉक्सचे तेल सोडण्यापूर्वीची तयारी

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी घूं करू लागते, वेगाबरोबर तो सूर चढत जातो आणि पाय उचलताच उतरतो, अशी तक्रार असेल तर पुढील तयारी झाल्याखेरीज गाडीखाली शिरू नये. या यादीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मागच्या खेपेस माझ्याकडून राहून गेली, म्हणून ती आरंभीच सांगतो. गिअरबॉक्सचे तेल सोडण्याच्या खालच्या बोल्टला हात लावण्यापूर्वी तेल भरण्याचा वरचा बोल्ट, म्हणजे फिलर प्लग, सुटतो की नाही हे पाहून घ्यावे. कारण पुढे येईलच.

प्रथम आवाज कुठला आहे हे ठरवावे. गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये इंजिनाला हलकेच रेस द्यावी. आवाज तेव्हाही येत असेल तर दोष बहुधा इंजिनाच्या बाजूचा, म्हणजे बेल्ट, त्याच्या पुल्या, अल्टरनेटरचे बेअरिंग किंवा हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप यांपैकी एखाद्याचा असतो. दिवे आणि पंखा चालू करताच सूर जड झाला तर अल्टरनेटरवर संशय घ्यावा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर वाढला तर पंपातील तेलाची पातळी पाहावी. उभ्या गाडीत क्लच दाबल्याबरोबर आवाज थांबत असेल आणि सोडल्यावर परत येत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची गती आत आणणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग खराब झालेले असण्याची शक्यता मोठी. तेथे नुसते तेल बदलून काही साधत नाही.

उभ्या गाडीत आवाजच नसेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर जावे. आवाज वळणावर कमीजास्त होत असेल तर तो चाकाच्या बेअरिंगचा समजावा, आणि डावीकडे वळताना वाढत असेल तर आधी उजवे चाक तपासावे, कारण भार त्या बाजूस जातो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर सूरही बदलत असेल तर टायर पाहावेत. एखाद्याच गिअरमध्ये तो ठळक होत असेल, किंवा ओढताना एक आणि पाय उचलल्यावर दुसरा असा ऐकू येत असेल, तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना गती वाटून देणारे गिअर, हेच मूळ धरावे. हे सारे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे, मात्र मोबाईल शेजारी बसलेल्याच्या हाती असावा. दुरुस्तीनंतर आवाज कमी झाला की आपलेच कान त्याला सरावले, हे आठवणीवरून सांगता येत नाही.

आता सामान. जॅक, भक्कम स्टँड, हातमोजे, तेलासाठी परात, चिंध्या. यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याने ही यादी येथेच वाचणे थांबवावे. तेल मात्र गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचे घ्यावे. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर तेलाचे दर्जे. दुकानदार 'जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा वरचे' असे सांगतो, पण जीएल-५ मधील काही रसायने गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना, म्हणजे गिअर बदलताना दोन गिअरांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना, मानवत नाहीत. बोल्टांचे नवे वॉशर आणि तेल वर चढवण्यासाठी हातपंप किंवा नरसाळ्याला जोडलेली लांब नळी हवी. फिलर प्लगला नेमका बसणारा सॉकेटही हवा. 'जवळपास बसणारा' चालत नाही.

माझा जवळपास बसणारा होता. खालचा बोल्ट सहज सुटला, जुने काळे तेल परातीत उतरले आणि मी समाधानाने वरच्या बोल्टकडे वळलो. तो गंजून जाम झाला होता. सॉकेट दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बोल्टच्या आतल्या षट्कोनाचे कोपरे गुळगुळीत झाले. गाडी चार स्टँडवर, गिअरबॉक्स कोरडा, नवे तेल शेजारी सीलबंद आणि ते आत घालायला वाट नाही. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेण्याचाही मार्ग मी स्वतःच्या हाताने बंद केला होता. अखेर मेकॅनिकला बोलावून त्या बोल्टवर नट वेल्ड करून तो काढावा लागला.

म्हणून पुन्हा : फिलर प्लग आधी. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारावा, खाच तारेच्या ब्रशने साफ करावी, सॉकेट हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवावा आणि लांब दांड्याने सावकाश जोर द्यावा. सुटला तर पुढे जावे. सुटला नाही तर जुने तेल आहे तेथेच राहू द्यावे आणि गाडी चालवत गॅरेजला न्यावी. ती अजून चालते हेच आपले भांडवल.

प्लग सुटला की, गाडी सपाट उभी असेल तर, बोटाने पातळीही कळते. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे लागते. ते खाली असेल तर गळती शोधावी, कारण गिअरबॉक्सचे तेल इंजिनाच्या तेलासारखे जळत नाही. ड्राइव्हशाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे, सील प्रथम पाहावे. सील न बदलता तेल भरले तर हीच घूं परत ऐकू येईल.

पुढचे थोडक्यात. थोडी गाडी फिरवून तेल कोमट करावे, फिलर प्लग उघडा ठेवून (होय, तोच) मगच खालचा सोडावा. त्याच्या चुंबकावर राखाडी लगदा असला तर चालेल, धातूचे तुकडे असले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. नवा वॉशर, खालचा बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) घट्ट, वरून तेल ओघळेपर्यंत भरणे, प्लग बंद. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण. आवाज तसाच असेल तर बेअरिंग किंवा दाते झिजले आहेत, आणि ते काम घरच्या हत्यारांचे नाही.