उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

उंब्रजजवळ महामार्गाच्या कडेला माझं टायरचं दुकान आहे. एप्रिल-मे लागला की कोल्हापूरकडं निघालेल्या गाड्यांचे फुटलेले टायर येतात आणि गाडीवाला उन्हाला दोष देतो. टायर उतरवून आत बघितलं तर बऱ्याचदा रबराचा काळा चुरा निघतो आणि बाजू आतून गोल घासलेली दिसते. कमी हवेवर पळवलेल्या टायरची ही खूण. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि टायर आतून तापतो. त्यात भरलेली गाडी, शंभरचा वेग आणि तापलेला डांबरी रस्ता, मग टायर फुटतो.

म्हणून ‘उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट (पीएसआय) कमीच ठेवा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा सल्ला जिवावर बेततो.

हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. बहुतेक गाड्यांना दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. गावाला सगळं घर घेऊन निघाला असाल तर दुसरा आकडा धरा. टायरवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नाही. खंबाटकी घाट चढून आल्यावर मीटर तीन-चार पॉइंट जास्त दाखवेल. ते गरम हवेचं आहे, काढू नका. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला असला तरी महिन्यातून एकदा मीटर लावाच.

हवा बघताना टायरवरून हात फिरवा. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर बदलायचाच. बाजूला पंक्चर असेल तर माझ्याकडं कितीही आग्रह करा, मी काढून देणार नाही. नक्षीच्या खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटरच उरली, टायर संपला. टायरच्या बाजूवर DOT (डीओटी) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे टायरचं वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी चांगली असली तरी दरवर्षी दाखवून घ्या.

दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागं टाका. लोक पुढं मागतात, त्यावरून रोज वाद होतो. पण पावसात यवतेश्वरच्या घाटात मागची चाकं घसरली तर गाडी गोल फिरते, आणि ती सावरणं कुणाच्या हातात राहत नाही.

स्टेपनीत हवा आहे ना, जॅक आणि पाना गाडीत आहे ना, तेही बघा. चाक बदललंत तर नट समोरासमोरचे आवळत जा. इथून कोल्हापूरकडं निघालात तर पेठनाका ओलांडल्यावर थांबून ते पुन्हा एकदा आवळून घ्या.