खुबा दुखतोय? आधी एका बोटाने जागा दाखवा

माझ्या आईचा गुडघा दुखतोय, असं आम्ही जवळजवळ वर्षभर धरून चाललो होतो. तेल झालं, पट्टा झाला, एका दवाखान्यात गुडघ्याचा एक्सरेही झाला. त्यात वयाच्या मानाने विशेष काही नव्हतं. मग एका रविवारी तिने नेलकटर माझ्या हातात दिलं. म्हणाली, "उजव्या पायाची तेवढी काढून दे गं, हात पोचत नाही." पाय मांडीवर घेण्यासाठी मी तिचा गुडघा जरासा बाहेर वळवला, तशी ती कळवळली आणि तिने हात दाबून धरला तो जांघेत. गुडघ्याला तिने हातही लावला नाही.

खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. त्यामुळे खुब्याची कळ मांडीच्या पुढून उतरते आणि गुडघ्यात जाणवते. गुडघा तपासून काही सापडत नसेल, तर खुबा तपासल्याशिवाय उठू नका.

पायरी १ : जागा नक्की करा

आपण "कंबर दुखते" म्हणतो तेव्हा त्यात वेगवेगळी दुखणी असू शकतात. म्हणून उभं राहून एकाच बोटाने जागा दाखवा.

बोट जांघेत गेलं, तर दुखणं बहुधा खुद्द सांध्याचं. मांडीच्या हाडाचा गोल माथा, ज्याला लोक "बॉल" म्हणतात, तो कंबरेच्या हाडाच्या वाटीत जांघेच्या मागे खोल बसलेला असतो. मांडी घालून बसता न येणं, मोजे चढवताना किंवा नखं कापताना पाय जवळ न येणं, रिक्षात चढताना कळ येणं, ही त्याची लवकर दिसणारी लक्षणं. चालणं बरंच नंतर बिघडतं, म्हणून या बारीक गोष्टींकडे लक्ष ठेवा.

बोट बाजूच्या टणक हाडावर गेलं, तर दुखणं बहुतेक वेळा तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांचं असतं. चाळिशीनंतर बायकांमध्ये हे फार आढळतं. त्या कुशीवर झोपवत नाही, जिना चढताना ठणकतं. त्रासदायक आहे, पण सांधा सहसा शाबूत असतो.

बोट मागे ढुंगणावर गेलं आणि कळ पोटरीपर्यंत उतरत असेल, तर मूळ बरेचदा मणक्यात असतं.

पायरी २ : थांबायचं नाही अशा वेळा ओळखा

घरातलं वयस्कर माणूस न्हाणीघरात घसरलं आणि त्यानंतर त्याला पायावर भार देता येईना, पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलंय: हे खुब्याजवळचं हाड मोडल्याचं चित्र आहे. उभं करायचा प्रयत्न करू नका, चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि एक्सरे असलेल्या रुग्णालयात न्या. अशा मोडीवर शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. अंथरुणात पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या, हे सगळं मागे लागतं. आणि एक लक्षात असू द्या: हाडाची टोकं एकमेकांत रुतून बसलेली असली तर माणूस चार पावलं चालूनही दाखवतो. "चालले की त्या, म्हणजे मोडलं नसणार" असं म्हणून थांबू नका.

ताप आणि खुबा एकदम दुखू लागला, पाय हलवूही देत नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. लहान मुलांमध्ये हे विशेष पाहावं. तापलेलं मूल पाय टेकवत नसेल तर त्याच दिवशी दाखवा, रात्र जाऊ देऊ नका.

पाठ किंवा खुबा दुखत असतानाच लघवी अडली, शी-शूवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर तीही तातडीची वेळ आहे.

पायरी ३ : यातलं काही नसेल, तर दोन आठवडे नीट सांभाळा

विश्रांती म्हणजे गादीवर पडून राहणं नव्हे. सपाट रस्त्यावर थोडं थोडं चाला. ज्याने दुखणं भडकतं ते थांबवा: उकिडवं बसणं, खाली मांडी, पायावर पाय टाकून बसणं, बुटकी सोफासेटी. खुर्ची अशी हवी की बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. ती आणायला लाजू नका. रात्री न दुखणाऱ्या कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा.

काठी धरायची ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. जवळपास सगळेच ती उलट धरतात. एका पायावर उभं असताना शरीर सावरायला खुब्याच्या बाजूचे स्नायू जोर लावतात. त्यामुळे साध्या चालण्यातही सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. विरुद्ध हातातली काठी नेमकं त्या स्नायूंचं काम वाटून घेते. सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीला यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

ताठरपणाला शेक बरा वाटतो. बाजूच्या नव्या दुखण्याला रुमालात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. मलमाचा उपयोग बाजूच्या दुखण्याला थोडाफार होतो, पण सांधा खोल असल्याने तिथवर ते फारसं पोचत नाही.

दोन व्यायाम पुरेत. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, पाच आकडे मोजून खाली. आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून एकेक पाय सरळ बाजूला न्यायचा. दोन्ही दहा-दहा वेळा. थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर संख्या निम्मी करा.

गोळी लागलीच तर आधी पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाने दिवसाला 3 ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांतही तेच औषध असतं, ते मोजायला विसरू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नका. बीपी, मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर मुळीच नाही.

पायरी ४ : डॉक्टरकडे जाताना

दोन आठवड्यांत उतार नसेल तर जा. वजन घटतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री दुखण्याने जाग येते, तर तेवढंही थांबू नका. खुब्याचा क्षय आपल्याकडे आहे आणि सरकारी केंद्रात त्याचे उपचार मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या जांघेत दुखत असेल, तर तीन गोष्टी न विचारता सांगा: स्टिरॉइड घेतली होती का, दारू किती, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच घरांत आहे. या तिन्हींमुळे बॉलचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरू लागतं. सुरुवातीला एक्सरे स्वच्छ दिसतो आणि रुग्ण निर्धास्त घरी येतो. एक्सरे साफ आणि जांघ मात्र दुखतच असेल, तर "एमआरआय करायला हवा का?" असं सरळ विचारा. बॉल चपटा होण्याआधी सापडलं, तर सांधा वाचवण्याचे उपाय अजून हाताशी असतात.