नजर रस्त्यावर, मन भलतीकडेच: गाडी चालवताना या चुका टाळा

सिग्नलला गाडी उभी होती. मेसेज आला म्हणून मी फोन उघडला. दोन ओळींचाच मजकूर होता. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, मी दचकून फोन मांडीवर टाकला आणि गाडी पुढे काढली. दिवा हिरवा झाला होता, पण एक सायकलवाला मुलगा अजून रस्ता ओलांडत होता. ब्रेक वेळेवर लागला आणि मुलगा निघून गेला. मला आजही छळते ती एकच गोष्ट: गाडी सुरू करताना माझे डोळे समोरच होते. तरीही तो मला दिसला नव्हता.

"मी बघतच होतो हो, पण तो अचानक आला," असं अपघातानंतर अनेकजण सांगतात. ते खोटं बोलत नसतात. डोळ्यांसमोर असलेली गोष्टही मन दुसरीकडे गुंतलेलं असेल तर दिसत नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हिडिओतले खेळाडू एकमेकांकडे चेंडू किती वेळा टाकतात ते मोजायला त्यांनी लोकांना सांगितलं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस त्या खेळाडूंमधून चालत गेलं. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. रस्त्यावर त्या गोरिलाच्या जागी चालणारं माणूस असतं.

"एकच सेकंद बघतो"

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद लागले, तर 50 मीटर रस्ता तुम्ही न बघता कापलात. पुढचा धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी सेकंद-दीड सेकंद जातो, आणि त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगळंच. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचं हे अंतर चौपट होतं, ही गोष्ट तर अनेक अनुभवी चालकांनाही ठाऊक नसते.

"सिग्नलला उभा असतानाच बघतो" हीसुद्धा त्यातलीच चूक. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीतल्या आवाजी आज्ञांच्या यंत्रणा तपासल्या. 2015 साली त्यांनी दाखवून दिलं, की सर्वात जास्त गुंतवून ठेवणाऱ्या यंत्रणा वापरल्यानंतर मन पूर्णपणे रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. ताशी 40 किलोमीटर वेगानेही तेवढ्यात गाडी 300 मीटर पुढे गेलेली असते. माझ्या त्या सिग्नलचं कोडं मला हे वाचल्यावर उलगडलं. फोन मांडीवर पडला होता, पण मन अजून त्या दोन ओळींतच होतं.

"माझा हँड्सफ्री आहे"

सगळ्यात जास्त माणसं या समजुतीत फसतात, कारण इथे आपण नियम पाळतोय असं वाटतं. टोरंटोमध्ये अपघात झालेल्या 699 चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1997 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोन वापरात असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असल्याचं त्यात आढळलं, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा सुरक्षित असल्याचं काही दिसलं नाही. हात मोकळे झाले तरी मन मोकळं होत नाही. पैशांचा वाद, आजारपणाची बातमी, साहेबांचा चढलेला आवाज, यातलं काहीही कानात शिरलं की समोरचा रस्ता पुसट होतो.

मग शेजारी बसलेल्याशी बोललं तर? त्यात फरक आहे. शेजारच्या माणसालाही रस्ता दिसत असतो. वळण आलं, गर्दी वाढली की तो आपसूक गप्प होतो, कधी "अरे, समोर बघ" म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तो ऐन चौकातही उत्तराची वाट बघत राहतो. दुचाकीवर मान वाकडी करून खांद्यात फोन धरणाऱ्यांचा तर तोलही जातो आणि एका बाजूचा रस्ताही दिसत नाही.

चूक मुळात कुठे होते?

माझ्या मते खरी चूक गाडी सुरू होण्याआधीची आहे. "वाजला तरी बघणार नाही" असं आपण मनाशी ठरवतो आणि फोन मात्र हाताशी ठेवतो. वाजणाऱ्या फोनपुढे निग्रह टिकत नाही. माझा तरी टिकला नाही. म्हणून फोन बॅगेत आणि बॅग मागच्या सीटवर, हा एकच उपाय मला लागू पडला. आयफोनमध्ये 2017 पासून आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही गाडी चालवताना नोटिफिकेशन थांबवण्याची सोय आहे. ती एकदाच चालू करून ठेवा.

नकाशा लागणार असेल तर पत्ता निघण्याआधी टाका, आवाज चालू करा आणि फोन स्टँडला लावा. वळण चुकलं तर चुकू द्या, नकाशा नवा रस्ता स्वतःच शोधतो. भर रस्त्यात पत्ता बदलायची वेळ आलीच तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. सीट, आरसे, एसी, गाणी हेही आधीच लावून घ्या. नव्या गाड्यांत साधा एसी कमी करायलाही स्क्रीनवर दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि गुळगुळीत काचेवरचं बटण न बघता सापडत नाही.

पाण्याची बाटली पायाशी घरंगळली, मागे मूल रडायला लागलं, काचेतून किडा आत शिरला, तर चालत्या गाडीत वाकू किंवा वळू नका. बाटली ब्रेकखाली अडकली तर गाडी थांबवणं अवघड होतं, म्हणून ती सुरुवातीलाच जागेवर ठेवा. मूल मिनिटभर जास्त रडलं तर त्याला काही होत नाही.

वय कोणतंही असो

तरुण चालकांच्या बाबतीत फोनइतकीच काळजी गाडीतल्या मित्रांची वाटते. हात सरावलेले नसतात, धोका आधी ओळखायची नजर तयार व्हायची असते, आणि त्यात मागून आरडाओरडा. पहिले काही महिने मुलांना मित्रांची गाडीभर टोळी घेऊन जाऊ देऊ नका, ती कितीही रुसली तरी.

चाळिशी लागली की जवळून लांब नजर स्थिरावायला वेळ लागतो. त्यामुळे स्क्रीनकडे टाकलेला तोच कटाक्ष पूर्वीपेक्षा महाग पडतो. पुढे अंधारात कमी दिसतं, दोन कामं एकत्र करणं जड जातं. सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून नवं औषध सुरू झालं की "गाडी चालवू का?" हे डॉक्टरांना विचाराच. घरातल्या वडीलधाऱ्यांना "आता तुम्हाला जमत नाही" म्हणून दुखवण्यापेक्षा रात्रीच्या फेऱ्या आपण घ्याव्यात, शेजारी बसून रस्ता सांगावा.

झोपेचंही तसंच. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची तत्परता मद्य घेतल्यासारखी मंदावते. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटणं, नाहीतर दुसऱ्याच्या हाती गाडी देणं, एवढंच उपयोगी पडतं.

राहिला पलीकडचा माणूस, म्हणजे फोन करणारा. ही सवय त्यालाही लावून घेता येते. आमच्या घरी आता फोन उचलला की पहिला प्रश्न येतो, "गाडीवर आहेस का?" हो म्हटलं की पलीकडून लगेच फोन ठेवला जातो, आणि त्याचा राग कुणालाही येत नाही.