जुन्या मिलिंग मशीनला पोस्ट बसवताना

कॅम (संगणकावर टूलची वाट आखणारं सॉफ्टवेअर) शिकून नुकतंच कामाला लागलेल्यांना पोस्ट प्रोसेसर, म्हणजे ती वाट मशीनच्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये उतरवणारी फाइल, हे यादीतलं एक नाव वाटतं. कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) निवडा, बटण दाबा, प्रोग्राम तयार. मशीन नवं असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतंही. १९८०च्या दशकातला कंट्रोलर समोर आला की मात्र त्याच यादीतला ‘फॅनक’ या कंपनीच्या कंट्रोलरचा पोस्ट पहिल्या दोन-चार ओळींतच अलार्म देतो. अलार्म दिला तर नशीब समजा. तक्रार न करता भलताच अर्थ लावणारा कंट्रोलर जास्त महाग पडतो.

या कामात मला लागलेली सगळ्यात उपयोगी सवय अशी की सुरुवातीला पोस्टची फाइल उघडायचीच नाही. त्या मशीनवर नेहमी चालणारा, खात्रीचा एखादा प्रोग्राम आधी बाहेर काढायचा. जुन्या ऑपरेटरने हाताने लिहिलेला असेल तर फारच छान. मग तोच जॉब कॅममध्ये करायचा आणि कॅमचा प्रोग्राम त्या जुन्या प्रोग्रामसारखा दिसेपर्यंत पोस्ट बदलत राहायचा. मॅन्युअल लागतंच, पण त्यावर फार विसंबू नका. वेगळे पैसे भरून घ्यायच्या सोयीही त्यात छापलेल्या असतात. हेलिकल इंटरपोलेशन (टूल गोल फिरवत खाली नेणं) मॅन्युअलमध्ये आहे म्हणजे तुमच्या मशीनमध्ये आहे असं नव्हे. ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: या मशीनला काय चालत नाही? अर्धा पोस्ट त्या उत्तरात असतो.

प्रोग्राम काढताय तेव्हाच पॅरामीटरही (कंट्रोलरमधल्या मशीनच्या सेटिंग) काढून ठेवा. त्यांची मेमरी बॅटरीवर टिकून असते. बॅटरी बदलताना मशीन चालू ठेवायचं, हे ज्याला माहीत नसतं त्याच्या हाती शेवटी कोरा कंट्रोलर उरतो.

आता दशांश चिन्ह. बऱ्याच जुन्या फॅनकवर ‘एक्स१०’ म्हणजे दहा मिलिमीटर नाही, ०.०१० मिलिमीटर. चिन्ह नसलेला आकडा सर्वात लहान एककात मोजला जातो. म्हणून अंतराच्या प्रत्येक आकड्यात पोस्टने चिन्ह टाकलंच पाहिजे. उलट काही कंट्रोलरना एफमध्ये, म्हणजे फीडच्या (कापण्याच्या वेगाच्या) आकड्यात, चिन्ह अजिबात खपत नाही. सगळ्या अक्षरांना एकच फॉर्मॅट लावू नका, प्रत्येकाचा वेगळा ठरवा.

खरी डोकेदुखी आर्कची, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्याची. त्याच्या ओळीतले आय आणि जे हे आर्कच्या सुरुवातीपासून केंद्रापर्यंतचं अंतर, असं आपण धरून चालतो. काही कंट्रोलरना तिथे केंद्राचा थेट कोऑर्डिनेट हवा असतो. काही फार जुन्यांना नुसतं अंतर हवं, अधिक-उण्याचं चिन्ह नको. चिन्ह नसेल तर केंद्र कोणत्या बाजूला हे कळणार कसं? आर्क एकाच क्वाड्रंटमध्ये (वर्तुळाच्या एका पाव भागात) असेल तरच कळतं. म्हणूनच अशा कंट्रोलरवर आर्क क्वाड्रंटच्या सीमेवर तोडावा लागतो.

नवखे इथे हमखास फसतात. फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरच्या पोस्टमध्ये आर्कचा जास्तीत जास्त स्वीप (कोन) ९० अंश ठेवता येतो, आणि तेवढ्याने काम झालं असं वाटतं. पण ४५ अंशावर सुरू होऊन १३५ अंशावर संपणारा आर्कही ९० अंशांचाच असतो, आणि तो ९० अंशांवरची सीमा ओलांडतो. मास्टरकॅम या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोस्टमध्ये यासाठी ‘ब्रेकआर्क्स’ नावाचा स्विच आहे: ० म्हणजे तोडू नको, १ म्हणजे क्वाड्रंटवर तोड, २ म्हणजे १८० अंशांवर तोड. फ्यूजनमध्ये सीमेवर तोडायचं काम पोस्टच्या कोडमध्ये आपण लिहायचं.

कंटाळून सगळे आर्क सरळ रेषांत बदलायचा मोह होतो. ५० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ ०.०१ मिलिमीटर टॉलरन्सने मोडलं तर प्रत्येक रेषा साधारण २ मिलिमीटरची, म्हणजे एका वर्तुळाला १५७ ओळी. क्वाड्रंटवर तोडून हेच काम चार-पाच ओळींत होतं. रेषांचा उपाय मी अगदी बारक्या आर्कपुरता ठेवतो. तिथे आकडे गोल करताना सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही आणि कंट्रोलर अडतो. केंद्राऐवजी त्रिज्या देणारा आर शब्द चालत असेल तरी पूर्ण वर्तुळ त्याने देता येत नाही, कारण सुरुवात आणि शेवट एकच बिंदू असतो.

ओळींची एवढी काटकसर का, ते मेमरी पाहिली की कळतं. जुन्या मशीनची मेमरी कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगतात. टेपवर एका इंचात १० अक्षरं बसतात, म्हणजे ८० मीटरमध्ये जेमतेम ३२ केबी. थ्रीडी फिनिशिंगचा प्रोग्राम त्यात मावत नाही, मग संगणकाला जोडलेल्या आरएस-२३२ केबलने थोडा थोडा पाठवत चालवायचा. ४८०० बॉडला (सेकंदाला ४८०० बिट), एक स्टार्ट बिट, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट धरले की एका अक्षराला ११ बिट लागतात. सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरं. एक ओळ २४ अक्षरांची असेल तर सेकंदाला १८ ओळी. टूलपाथचे तुकडे ०.१ मिलिमीटरचे असतील तर फीड मिनिटाला ११० मिलिमीटरच्या वर जाऊच शकत नाही, प्रोग्राममध्ये काहीही लिहा. टूल अडखळत चालतं आणि सरफेसवर त्याच्या खुणा राहतात. पोस्टमधून एन नंबर (ओळींचे क्रमांक) काढा, मधल्या जागा काढा, न बदललेले शब्द पुन्हा छापू नका. तरीही मोठा फरक कॅममधल्या, टूलपाथचे बिंदू कमी करणाऱ्या फिल्टरनेच पडतो. प्रत्येक दुखण्यावर पोस्टमध्ये औषध नसतं.

रॅपिडचं, म्हणजे न कापता पूर्ण वेगाने जाण्याच्या हालचालीचं, एक लक्षात ठेवा. सिम्युलेशनमध्ये रॅपिडचा कोड जी०० तिरकी सरळ रेष दाखवतं. जुन्या कंट्रोलरवर प्रत्येक ॲक्सिस आपापल्या पूर्ण वेगाने सुटते, जिचं अंतर कमी ती आधी पोचते, आणि वाट मध्येच वळते. पडद्यावर टूल क्लॅम्पच्या बाजूने सुखरूप जातं, मशीनवर क्लॅम्पवरूनच. झेड आणि एक्स-वाय एका ओळीत येऊ देऊ नका: वर जाताना आधी झेड, खाली येताना झेड शेवटी. तिरकी वाट जपायचीच असेल तर त्या हालचाली मोठ्या फीडच्या जी०१ने (कापण्याच्या सरळ हालचालीच्या कोडने) द्या.

बाकी किरकोळ, पण अडवणारं बरंच असतं. एका ओळीत एकच एम कोड (स्पिंडल, कूलंट यांसारख्यांचा हुकूम). कॉमेंटमध्ये स्मॉल अक्षरं नकोत, काहींना कॉमेंटच नको. जी५४ (साठवून ठेवलेला ओरिजिन, म्हणजे मोजणीचा शून्य बिंदू) नसेल तर जी९२ वापरावा लागतो, आणि तो टूल कुठे उभं आहे त्यावर ओरिजिन ठरवतो. म्हणून तो एकाच ठरलेल्या जागी छापा, नाहीतर मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलेला प्रोग्राम ओरिजिन सरकवतो. रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि झेड जुळवून आटे पाडणं) नसेल तर टॅपला थोडं सरकू देणारा फ्लोटिंग होल्डर आणि आटे पाडायचा जी८४ वापरायचा, फीड म्हणजे पिच गुणिले आरपीएम. पेक ड्रिलिंगचा (थोडं थोडं खाली जात भोक पाडण्याचा) सायकल नसेल तर पोस्टने एकेक हालचाल लिहून द्यावी.

भाषेची धास्ती घेऊ नका. फ्यूजनचे पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये असतात, मास्टरकॅमची भाषा स्वतःची आहे. दोन्हीकडे कोरी फाइल कोणी लिहीत नाही, जवळचा पोस्ट घेऊन सुधारतात. एका वेळी एकच बदल करा, फाइलच्या नावात मशीन आणि तारीख टाका, आणि मूळ प्रत हात न लावता बाजूला ठेवा.

चाचणीसाठी मी छोटा जॉब ठेवतो: एक चौकोन, एक पूर्ण वर्तुळ, सीमा ओलांडणारा एक आर्क, दोन भोकं, दोन टूल. झेड ऑफसेट जॉबच्या बराच वर, रॅपिड ओव्हरराइड सगळ्यात कमी, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू. प्रत्येक ओळीआधी ‘उरलेलं अंतर’ दाखवणारा आकडा पाहायचा आणि पटला तरच स्टार्ट दाबायचं. पास झालेला प्रोग्राम मी जपून ठेवतो. कॅमची नवी आवृत्ती आली की तोच जॉब पुन्हा पोस्ट करून दोन फाइली ओळीला ओळ लावून बघायच्या. फरक दिसला तर कारण कळेपर्यंत तो प्रोग्राम मशीनवर न्यायचा नाही.