रूट ड्राइव्ह सापडत नाही? आधी तक्रार कोण करतंय ते बघा

लिनक्स सुरू होता होता अडकलं आणि काळ्या पडद्यावर रूट (ज्या पार्टिशनवर सगळी सिस्टिम असते ते) सापडत नसल्याचा संदेश आला, की अनेक जण थेट नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. कृपा करून तसं करू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा मशिन्समध्ये डेटा बहुधा जागच्या जागी असतो, चुकलेला असतो तो फक्त पत्ता.

पडद्यावरची शेवटची ओळ नीट वाचा. तिथे ‘ग्रब रेस्क्यू’ असेल, तर ग्रबलाच, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरलाच, स्वतःच्या फाइली मिळालेल्या नाहीत. ‘इनिटरामएफएस’ (रूट मिळेपर्यंत वापरायची छोटी तात्पुरती सिस्टिम) असा प्रॉम्प्ट असेल, तर ग्रबने आपलं काम केलंय, कर्नलही, म्हणजे लिनक्सचा गाभाही, चढलाय, पण पुढे रूट मिळालेलं नाही. आणि कर्नल पॅनिक (कर्नल पुढे जाऊच शकत नसल्याचा संदेश) असेल, तर ‘अननोन-ब्लॉक’ या शब्दापुढच्या कंसातले आकडे टिपून घ्या. तिथे ०,० असेल तर कर्नलला डिस्कच दिसलेली नाही. बहुतेक वेळा बूट पार्टिशन भरल्यामुळे अपडेट अर्धवट राहतं आणि नव्या कर्नलची इनिटरामएफएस फाइल तयारच होत नाही. ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा, मशीन सुरू झालं की जागा मोकळी करा आणि ती फाइल पुन्हा बनवा. ८,१ असेल तर गोष्ट वेगळी: एसडीए१, म्हणजे एसडीए या डिस्कचं पहिलं पार्टिशन, दिसतंय, पण त्यावरची फाइलसिस्टिम माउंट होत नाहीये, म्हणजे वापरासाठी जोडली जात नाहीये. अशा वेळी लाइव्ह यूएसबीवरून बूट करून आधी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) आय-ओ एरर, म्हणजे डिस्क वाचता-लिहिताना आलेल्या चुका, आहेत का ते पाहा. असतील तर डेटा दुसरीकडे उतरवल्याशिवाय एफएसचेकला, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडला, हात लावू नका.

सगळ्यात जास्त वेळा भेटतो तो इनिटरामएफएसचा प्रॉम्प्ट. तिथे दोनच कमांड द्या: ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ आणि ‘बीएलकेआयडी’. पहिली सांगते की कर्नलला कुठला यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतंत्र ओळख क्रमांक) शोधायला सांगितलाय, दुसरी सांगते की समोर प्रत्यक्षात कुठले आहेत. मी दोन्ही यूयूआयडींचे पहिले आठ आकडे-अक्षरं मोठ्याने वाचतो, फरक लगेच कळतो. एका लॅपटॉपवर जुन्या डिस्कवरून एसएसडीवर आरसिंकने (फाइली कॉपी करणाऱ्या कमांडने) सगळं आणलं होतं. एसएसडी नव्याने फॉरमॅट केलेली, म्हणजे यूयूआयडी नवा, पण एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) आणि ग्रबच्या कॉन्फिगमध्ये जुनाच. डीडी या कमांडने डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) केली असती तर यूयूआयडी तोच राहिला असता. मात्र मग दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून ठेवायच्या नाहीत, नाहीतर कुठली उचलली जाईल याचा भरवसा नाही.

फरक सापडला की रीबूट करा, ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘रूट=’ नंतर खरा यूयूआयडी घाला आणि कंट्रोल-एक्स दाबा. एसडीए, एसडीबी अशी नावं तिथे घालायचा मोह टाळा, दुसरी डिस्क जोडली की ती बदलू शकतात. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. आत शिरल्यावर एफएसटॅब दुरुस्त करा, मग डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा. फेडोरावर हेच काम ग्रबी आणि ड्रॅकट करतात.

बीएलकेआयडीने काहीच दाखवलं नाही, तर यूयूआयडीचा दोष नाही. बायोसमध्ये जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्क कुठल्या पद्धतीने जोडली आहे ते, पाहा. तो एएचसीआयवरून रेडवर गेला असेल तर काही मशिन्सवर लिनक्सला डिस्क दिसत नाही. त्याच मशीनवर विंडोज असेल तर मोड बदलण्याआधी थांबा, तयारी न करता बदलला तर विंडोज सुरू व्हायचं थांबू शकतं. रूट यूएसबी डिस्कवर असेल तर ती जागी व्हायला वेळ लागतो, म्हणून त्याच ‘लिनक्स’च्या ओळीत ‘रूटडिले=१०’ घालून बघा.

ग्रब रेस्क्यूमध्ये ‘एलएस’ दिलं की पार्टिशनांची यादी येते. एकेकाचं बूट/ग्रब फोल्डर उघडून बघा. सापडलं की ‘सेट प्रीफिक्स=’ आणि ‘सेट रूट=’ने ती जागा सांगा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. मेनू आला की मशीन सुरू करा आणि लगेच ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर त्याआधी ईएफआय पार्टिशन माउंट झालंय ना, तेवढं बघून घ्या.